कोटाबाहेरची राजधानी

(वसई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांना स्वतःची स्तुती ऐकायला आवडत नसे, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून त्यांना वंदन करतो आणि थेट विषयाला हात घालतो.

संयोजकांनी मला विषय दिला तो 'वसई : एक ऐतिहासिक राजधानी' असा. मी हो म्हटले आणि मग त्यात माझ्या मनाने थोडी फिरवाफिरव केली. राजधानी म्हटले की आपण सरळ कोटात शिरतो. दरवाजा, बुरूज, पडक्या चर्चची कमान, कमानीखाली लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, आणि शेवटी चिमाजी अप्पांचा पुतळा. फेरी पूर्ण, वडापाव खाऊन घरी. आज मला कोटाला बाहेरून वळसा घालायचा आहे. १५३४ ते १७३९, म्हणजे दोनशे पाच वर्षे, वसई ही एका मोठ्या प्रांताची राजधानी होती. पण ज्या मुलखाच्या जिवावर ते शहर उभे होते, त्या मुलखाला त्याने आत घेतलेच नाही. शहर मेले, मुलूख जगला. आज ज्याला आपण वसई-विरार म्हणतो ते त्या मुलखातून उगवलेले शहर आहे, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर कोटाच्या भिंतीपाशी थांबून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. बाकी सगळा तपशील.

तपशिलाची सुरुवात सोपाऱ्यापासून करावी लागते, कारण वसईच्या आधी राजधानी तिथे होती. आज नालासोपारा म्हटले की डोळ्यांपुढे सकाळची लोकल आणि तिच्या दाराला लोंबकळणारी माणसे येतात. पण शूर्पारक या नावाने हे गाव अपरान्ताची, म्हणजे उत्तर कोकणाची, राजधानी होते. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या दर्यावर्द्याला ते ठाऊक होते, टॉलेमीला ठाऊक होते. अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा १८८२ साली इथल्या भाटेला तलावाजवळ सापडला आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावला. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. मी धर्मयात्रेला निघतो. नवव्यात तो लोकांच्या, त्यातही बायकांच्या, आजारपणातल्या आणि लग्नकार्यातल्या नाना विधींबद्दल जरा नाराजी दाखवतो. भुईगावच्या बायकांनी तेव्हा हा लेख वाचला असेल, तर तो मनावर घेतलेला मात्र दिसत नाही.

१८८२ च्या एप्रिलमध्येच पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचे एक टेकाड खणले. गावकरी त्याला 'बुरुड राजाचे कोट' म्हणत. आतून विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात गोल दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती गोलाकार मांडलेल्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. बरोबर सोन्याची बारीक फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. आणि त्या सोन्याच्या करंडकात, एवढ्या बंदोबस्तात, काय होते? साध्या मातीच्या भांड्याची खापरे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ती जपून ठेवली होती. या सगळ्या वस्तू मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. आठव्या लेखाचा तुकडा बघायचा तरी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जावे लागते. इथली चीजवस्तू बाहेर जाण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता आणि शेवटचाही नाही. पुढे त्याविषयी येईलच.

सोपाऱ्याचा नावलौकिक बराच काळ टिकला. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने काश्मीरच्या विद्वत्सभेत तेजकंठ नावाचा पंडित पाठवला होता. तो शूर्पारकाचा, अशी नोंद मंखाच्या 'श्रीकंठचरिता'त आहे. पण खाडी गाळाने भरत गेली, गलबतांना वर येणे जड जाऊ लागले. ठाणे पुढे आले, केळवे-माहीम पुढे आले. राजवाड्यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' ज्यांनी चाळली असेल त्यांना ठाऊक आहे की या मुलखाला स्वतःची आठवण आहे. कुठले कूळ कुठून आले, कुणाला कुठले गाव मिळाले, कोणत्या राजाने काय दिले, याचा तो हिशोब आहे. त्यातल्या सनावळीवर भांडण होऊ शकते. पण पोर्तुगीज उतरले तेव्हा हा किनारा ओसाड होता, अशा थाटात जे लिहितात त्यांनी ती बखर एकदा वाचावी.

पोर्तुगीज आले ते गुजरातच्या सुलतानाच्या अडचणीमुळे. बहादूरशहापुढे हुमायूनचे संकट उभे होते. त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी नुनो द कुन्हाशी गलबतावर तह केला आणि वसई, तिच्या हाताखालच्या साष्टी-मुंबईच्या बेटांसकट, देऊन टाकली. दोन वर्षांत बालेकिल्ला उभा राहू लागला, आणि शतक संपता संपता त्याभोवती नवी तटबंदी, बुरूज, समुद्राकडे एक दरवाजा, जमिनीकडे एक. दमणपासून चौलपर्यंतच्या 'उत्तर प्रांता'चा सुभेदार इथे राहू लागला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचा मठ आत होता. आत कॉलेज होते, इस्पितळ होते, सरळ रस्ते होते, सज्जे असलेली घरे होती. या शहराचा दगडही नावाजलेला. गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे, तो वसईहून गेला. गोव्याला जाणारी आपली मंडळी त्या दगडापुढे उभी राहून फोटो काढतात. आपल्याच खाणीतला आहे, हे त्यांना सांगायला तिथे कुणी नसते.

मुंबई तेव्हा काय होती? वसईच्या वहीतली एक ओळ. सिमाव बोतेल्यू याने १५५४ साली केलेल्या महसुली नोंदींत मुंबईचे बेट वसईच्या हिशोबात येते. ते बेट खंडाने होते गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे, ज्याने पुढे हिंदुस्थानातल्या औषधींवर ग्रंथ लिहिला. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, तेव्हा इकडचे पोर्तुगीज अधिकारी आणि जमीनदार हवालदिल झाले. विजरईने इतकी टाळाटाळ केली की बेट प्रत्यक्ष हातात पडायला १६६५ उजाडले. हे नुसते आडमुठेपण नव्हते. बंदर एकदा इंग्रजांकडे गेले की उत्तरेकडच्या सत्तेचा ऱ्हास सुरू होणार, हे त्यांना दिसत होते. आज आपण विरार लोकलमध्ये चेंगरत मुंबईला जातो तेव्हा हा जुना हिशोब आठवायला हरकत नाही. गर्दी त्याने कमी होत नाही, पण मान थोडी ताठ राहते.

आता भिंतीकडे येऊ. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की कोटात रात्री फक्त ख्रिस्ती माणसाला राहता येई. एतद्देशीय कारागिराने दिवसभर आत काम करायचे आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचे. या शहराला सुतार लागत होता, लोहार लागत होता, भाजी लागत होती, मासळी लागत होती. ती देणारा माणूस रात्री नको होता. आणि बाहेर कोण होते? पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी इथली चर्च सोळाव्या शतकातच उभी राहिली होती, म्हणजे बाहेरही ख्रिस्ती वस्ती होती, आणि तीही कोटाच्या दृष्टीने बाहेरचीच. १६७४ मध्ये मस्कतच्या सहाशे अरबांनी वसईला उतरून तटाबाहेरची चर्च लुटली. तटावरची शिबंदी भीतीने गारठून बघत राहिली. त्याच साली मोरोपंत पिंगळे कल्याणला येऊन चौथाईची मागणी करत होते. भिंत कुणासाठी बांधली होती, याचा उलगडा बाहेरच्या लोकांना त्या वर्षी नीटच झाला असावा.

आत आणि बाहेर यांचा सांधा एका माणसात दिसतो. गोन्सालो गार्सिया १५५६ च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहानपणीच जेझुइटांबरोबर जपानला गेला, व्यापारात पडला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवले; हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला संत. त्याचे नाव आज गासच्या चर्चला आहे, वसईच्या कॉलेजला आहे. कोटातल्या पडक्या जेझुइट चर्चमध्ये त्याचा सण होतो तेव्हा त्या जागेत पुन्हा माणसे भरतात, आणि ती सगळी माणसे बाहेरच्या गावांतून आलेली असतात.

इथे थोडे लांब जाऊ, बाल्टिक समुद्राच्या काठी. एस्टोनियाची राजधानी तालिन हीसुद्धा परक्यांनी बांधलेल्या तटाची नगरी आहे. १२१९ साली डेन्मार्कच्या राजाने तिथली टेकडी घेतली. टेकडीवर सरदार आणि बिशप, खाली तटाच्या आत जर्मन व्यापारी, त्यांना १२४८ पासून ल्यूबेक शहराचा कायदा. वरचे गाव आणि खालचे गाव यांच्या मध्येही भिंत, दरवाजा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची धुसफूस. दोन्ही मिळून एक शहर व्हायला १८७७ साल यावे लागले. एस्टोनियन बोलणारा शेतकरी, मोलकरीण, हमाल यांना कागदोपत्री 'बिगर-जर्मन' असेच म्हणत. तटाच्या उत्तरेला, समुद्राकडे, कालामाया नावाचे उपनगर होते. तिथे कोळी राहत. आपल्या पाचूबंदरचेच भावंड म्हणा. वेढा पडला की अशा उपनगरांना आग लागायची, आणि वेढा उठला की लोक पुन्हा झोपड्या बांधायचे.

१७१० मध्ये प्लेगने शहर जवळजवळ रिकामे झाले आणि ते रशियाच्या झारला शरण गेले. इथपर्यंत वसई आणि तालिन जवळजवळ सारखीच चालतात. मग १८७० साली सेंट पीटर्सबर्गहून तालिनला रेल्वे आली. ती शहराच्या तटापाशीच थांबली. कारखाने निघाले, खेड्यातले एस्टोनियन मजूर कालामायात आणि इतर उपनगरांत भरले, त्यांची मुले शिकली, दुकानदार झाली, मतदार झाली. १९०४ च्या नगरपालिका निवडणुकीत एस्टोनियन आणि रशियन उमेदवारांच्या युतीने जर्मनांची सद्दी मोडली. आज तो तट, ते मनोरे जागतिक वारसा आहेत, आणि त्यांच्या आत ज्यांना पूर्वी आत घेत नसत त्यांचीच संसद भरते.

वसईत नेमके उलटे झाले. आपल्याकडे बाहेरचा मुलूख कोटात आला तो एकदाच, हत्यार घेऊन. आणि आत राहायला म्हणून आलाच नाही.

१७३७ ते १७३९ ची मोहीम आपल्याला पाठ आहे. चिमाजी अप्पांच्या तोंडचे ते तोफेचे वाक्य मी इथे म्हणत नाही, तुम्ही मनात म्हटलेच असेल. पण या मोहिमेची सुरुवात पुण्यात झाली नव्हती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊबंद पेशव्यांकडे गाऱ्हाणी घेऊन खेटे घालत होते. वाटा, खाड्यांचे उतार, भरती-ओहोटीच्या वेळा, कुठल्या गढीत किती माणसे, हे सगळे या मुलखातल्या माणसांना ठाऊक होते. पेशव्यांच्या फौजेला ते ज्ञान इथेच मिळाले. फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला गेला. वसईच्या दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र. हल्ला करायचा तो उत्तरेच्या जमिनीकडूनच. वाळूत मोर्चे खणत खणत मराठे तटाला भिडले, सुरुंग पेरले, आणि सांव सेबास्तियांव बुरूज उडाल्यावर शहराचा निकाल लागला. मेच्या मध्याला शरणागतीचा करार झाला. शिबंदी हत्यारांसह, मानाने बाहेर पडली. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा करारात होती. दोन्ही बाजूंनी इतकी माणसे गमावल्यावर ही कलमे लिहिली गेली, याची दखल आपण घ्यायला हवी तेवढी घेत नाही.

विजयाबरोबर घंटा गेल्या. नाशिकला पंचवटीत गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या दर्शनी भिंतीवरच्या छत्रीत जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. म्हणणाऱ्याला तो आवाज वसई मोहिमेतला आहे याची कल्पना नसते. बुद्धाची खापरे मुंबईत, दगड गोव्यात, घंटा नाशकात.

शहराचे नाव काही काळ बाजीपूर झाले. शंकराजी केशव फडके सरसुभेदार म्हणून आले. कोटात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ झाले, शिबंदी राहिली. पण व्यापारी पेठ, वाडे, वस्ती हे सगळे कोटाच्या उत्तरेला, पारनाक्याच्या बाजूला वाढले. ज्या घरांत शतकभर रात्र काढायची सोय नव्हती, त्या घरांत जाऊन राहावे असे कुणाला वाटले नसावे. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने कोट घेतला, सालबाईच्या तहाने तो परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इथेच आपले राज्य इंग्रजांच्या फौजेच्या हवाली केले, त्याविषयी शाळेच्या पुस्तकात पुरेसे आहे. पुढे इंग्रजी अमलात कोटाच्या आत ऊस लावायचाही प्रयोग झाला. राजधानीच्या चौकात ऊस! त्या काळच्या कुण्या साहेबाला विनोदबुद्धी असावी, किंवा अजिबात नसावी.

आणि मग रेल्वे. १८६४ साली बॉम्बे-बडोदा रेल्वेचे रूळ इकडे आले. आपले स्टेशन कोटापासून आणि वसई गावापासून सहा-सात किलोमीटर आत, खाजणाच्या कडेला पडले. तालिनच्या रेल्वेने माणसे तटापाशी आणून सोडली. आपल्या रेल्वेने कोटाकडे पाठ फिरवली. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि या मुलखाला दुसरे तोंड फुटले. आधी सगळे खाडीकडे, समुद्राकडे बघत होते. आता पूर्वेला, रुळाकडे बघू लागले. नवघर-माणिकपूर ही त्या वळणाची निर्मिती. पहाटेच्या गाडीने दुधाच्या किटल्या, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या मुंबईला जाऊ लागल्या. दादरच्या फुलबाजारात आमच्याकडच्या बायका पहाटे पोचायच्या, त्या या रुळांच्या जिवावर.

आता त्या मुलखाकडे येतो, ज्याच्यासाठी मी एवढा वळसा घातला. वसई ते अर्नाळा हा पश्चिमेचा पट्टा वाळूवर वसलेला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तरी केळी, पानवेली, मोगरा, चाफा. हे कसे जमले? बावखळांमुळे. ज्यांनी ते नीट पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. वाडीत खोलगट भागात मोठा खड्डा खणायचा. निघालेली माती घराच्या जोत्याला किंवा वाडीच्या भरावाला वापरायची. पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरतो. ते गोडे पाणी वाळूतून झिरपत आजूबाजूच्या विहिरींना मिळते आणि समुद्राकडून आत शिरू पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. काठाला उंबर, भेंड, सावली; गुरे पाण्यावर येतात, पोरे पोहायला शिकतात. रहाटाला गाडगी बांधलेली, बैल गोल फिरतो, गाडगे वर येऊन पाटात रिकामे होते आणि पाट केळीच्या बुंध्यापर्यंत जातो. पावसाळा संपून चार महिने झाले तरी विहीर गोडी राहते. कोटातल्या अभियंत्यांनी बुरुजांचे कोन मोजून बांधले, त्यांचे कौतुक खूप झाले. बावखळ खणणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. पण ते बुरूज सुरुंगाने उडाले, आणि ज्या बावखळात कुणी डबर टाकले नाही ते अजून भरते.

या पाण्यावर राजेळी केळी झाली आणि तिची सुकेळी. पिकलेली राजेळी सोलायची, उन्हात पसरायची, रात्री झाकायची, पुन्हा पसरायची; मधासारखा रंग चढला की केळीच्या सोपटात गुंडाळून बांधायची. आगाशीची सुकेळी मुंबईच्या दुकानांत नावाने विकली जायची. या पट्ट्यात सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, भंडारी आहेत, कोळी आहेत, आगरी आहेत. हिंदू आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. कादोडी बोलणारी घरे आहेत. १७३९ नंतर युरोपी पाद्री निघून गेले, गोव्याचे एतद्देशीय पाद्री आले आणि पॅरिश चालू राहिल्या. कोटातली चर्च पडली, गावातली उभी आहेत, आणि तिथे प्रार्थना मराठीत होते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्रात काही लोकांना त्याचे आश्चर्य वाटले, काहींनी वादही घातला. वसईत कुणाला आश्चर्य वाटायचे कारण नव्हते. निर्मळला कार्तिकात जत्रा भरते तेव्हा कोण कुठल्या धर्माचा हे बघून कुणी मिठाई विकत नाही.

पूर्वेची बाजू मात्र आपण नेहमी विसरतो, मीही आज घाईने सांगतो आहे. तुंगारेश्वराचा डोंगर, कामण, पेल्हार, उसगाव. वारली आणि इतर आदिवासी पाडे. गलबतांसाठी लागणारे साग आशेरी-मनोरच्या बाजूने आले, सरपण आले, पुढे शहराला धरणाचे पाणीही तिकडूनच आले. राजधानी कुठलीही असो, तिचा भार या पाड्यांनी उचलला. त्यांचा इतिहास वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्या व्याख्यानाला वक्ता तिकडचा बोलवावा.

१९९० मध्ये सिडकोला नियोजनाचे अधिकार मिळाले आणि हिरव्या पट्ट्यात इमारती उभ्या राहण्याची वाट खुली झाली. 'हरित वसई'ची चळवळ त्याच सुमाराची. दिब्रिटो त्यात पुढे होते. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. पश्चिमेच्या गावांनी महापालिकेतून बाहेर राहण्यासाठी केलेले आंदोलन तुमच्यापैकी अनेकांनी केले आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. ते आंदोलन विकासाच्या विरोधात होते, अशी टीका झाली. मला ते जुन्याच भीतीचे रूप वाटते. आमच्या पाण्यावर, आमच्या जमिनीवर शहर उभे राहणार, आणि आम्हाला विचारणार कोण? चारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कोटाच्या दरवाजात संध्याकाळी बाहेर काढलेल्या कारागिराला पडला असणार.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फक्त वाडीवाल्यांचा वकील ठरेन. नालासोपाऱ्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, उत्तर प्रदेशातून किंवा कोकणातून किंवा मराठवाड्यातून आलेला माणूस हाही आजच्या अर्थाने तटाबाहेरचाच आहे. मुंबईला तो दिवसा हवा आहे आणि रात्री नको आहे. जी वागणूक कोटाने आपल्या पूर्वजांना दिली तीच आपण त्याला दिली, तर वसईकर म्हणून आपण इतिहासातून फार काही उचलले नाही असे होईल. २०१८ च्या जुलैत पाणी साचून गाड्या बंद पडल्या आणि मिठागरातली कुटुंबे अडकली, तेव्हा वाडी आणि चाळ दोन्ही एकाच पाण्यात होत्या. आणि ते पाणी जिरायला जागा राहिली नाही, त्यात बुजवलेल्या बावखळांचा आणि खाजणांचा वाटा होता.

फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून रो-रो बोट थेट किल्ल्याच्या जेट्टीला लागते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने पाठ फिरवलेला कोट पुन्हा वाटेवर आला. गाड्या कोटातून, पडक्या भिंतींमधून, कोळीवाड्याच्या अंगाने बाहेर पडतात. वलांडीवर बोंबील सुकत घातलेले असतात, शेजारून गाड्या जातात. सोय मोठी आहे, मीही तिने जाईन. पण हा रस्ता रुंद करायची वेळ येईल तेव्हा एका बाजूला पुरातत्त्व खात्याची भिंत असेल आणि दुसऱ्या बाजूला कोळ्यांची वलांडी. भिंतीला कायद्याचे संरक्षण आहे; तिचा दगड हलवायला दिल्लीची परवानगी लागते. सोपाऱ्याच्या स्तूपालाही आहे. वलांडीला नाही, बावखळाला नाही. बावखळ बुजवायला एक रात्र आणि चार डंपर पुरतात.

म्हणून एक काम सुचवतो आणि बसतो. या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेने, पॅरिशने, देवस्थानाने आपापल्या गावातल्या बावखळांची यादी करावी. किती होती, किती उरली, कुणाच्या वाडीत, त्याला काय नाव होते, त्यावर कुठल्या विहिरी अवलंबून होत्या. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या माणसांना हे ठाऊक आहे, त्यांच्या मुलांना अर्धे ठाऊक आहे. ती यादी गावाच्या नकाशावर चढवावी आणि विकास आराखड्याची पुढची सुनावणी लागेल त्या दिवशी हरकत म्हणून दाखल करावी. उमराळे, गिरीज, नाळे, वाघोली, भुईगाव इथून सुरुवात करता येईल. त्या गावांतली बरीच मंडळी इथे बसलेली दिसतात. सभा संपल्यावर त्यांनी दोन मिनिटे थांबावे, आपण नावे लिहून घेऊ.